आखातातील नोकरी सुटल्यास वास्तव्य कायदेशीर कसे ठेवावे?

तारापूर औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग, फिटिंग किंवा विजेचे काम शिकलेले बोईसर-पालघर परिसरातील काही तरुण आखाती देशांत नोकरीसाठी जातात. तेथील रहिवासी परवाना बहुधा मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. म्हणून नोकरी सुटली की पगाराबरोबरच तेथे राहण्याचा आधारही डळमळतो. मात्र नोकरी जाणे हा अपराध नव्हे. मुदत उलटूनही तेथे राहणे, हा अपराध ठरतो. हा फरक परदेशी गेलेल्याने आणि त्याच्या घरच्यांनीही ध्यानात ठेवावा.

मुदत मोजावी
संयुक्त अरब अमिरातीत परवाना रद्द झाल्यावर सवलतीचे दिवस मिळतात. २०२२ च्या सुधारणांनुसार काही वर्गांना ही मुदत ६० ते १८० दिवसांची आहे. इतरांना ती कमी असू शकते. म्हणून मित्राच्या अनुभवावर विसंबू नये, परवाना रद्द झाल्याच्या कागदावरील तारीख पाहावी. मुदतीनंतर दररोज ५० दिरहॅम दंड आकारला जातो. अमेरिकेतील एच-१बी व्हिसाधारकास नोकरी संपल्यापासून कमाल ६० दिवस मिळतात; त्याआधीच अधिकृत वास्तव्याची तारीख संपत असल्यास तेवढेच दिवस.

सवलतीच्या दिवसांत काय करावे
नवा मालक मिळाल्यास आधी परवाना त्याच्या नावे करून घ्यावा, मगच कामास लागावे. परवान्याविना दुसरीकडे काम करणे बेकायदेशीर आहे. काम मिळाले नाही तर मुदतीतच मायदेशी परतावे. सौदी अरेबियात न कळवता काम सोडणाऱ्यावर मालक ‘हुरूब’ची, म्हणजे पळून गेल्याची, नोंद करू शकतो; त्यामुळे कायदेशीर दर्जा जातो. कुवेतमध्ये खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारास देश सोडण्यासाठी १ जुलै २०२५ पासून मालकाची संमती आवश्यक आहे.

हक्क सोडू नयेत
अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार करार संपल्यापासून १४ दिवसांत सर्व देणी चुकती करणे मालकावर बंधनकारक आहे. पैसे हाती येण्यापूर्वी ‘सर्व मिळाले’ अशा कागदावर सही करू नये. पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे तेथे कायद्याला मान्य नाही. करार, परवाना आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात.

मदत कोठे मिळेल
भारतीय दूतावास आणि वाणिज्य दूतावास अडचणीतील कामगारांचे ऐकून घेतात. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना तात्पुरता निवारा, कायदेशीर साह्य व परतीचे तिकीट मिळू शकते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर पालघरमधील कुटुंबीयही तक्रार नोंदवू शकतात. जाण्यापूर्वीच दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे ‘ईमायग्रेट’वर तपासावे.

पुष्कळांना नोकरी गेल्याचे घरी सांगण्याची लाज वाटते. कर्ज काढून पाठवलेल्या मुलाला रिकाम्या हाताने परतणे कठीण वाटते आणि त्या मौनातच मुदत निघून जाते. पवित्र कुटुंबानेही इजिप्तमध्ये परक्यांच्या देशात आसरा घेतला होता. घरच्यांनी ‘पैसे कधी पाठवतोस?’ याऐवजी ‘तुझ्या कागदांची मुदत कधी संपते?’ असे आधी विचारावे. तेथील चर्चच्या धर्मगुरूंशी बोलावे. इकडे आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंनाही कल्पना द्यावी. वेळेत सांगितलेल्या अडचणीतून मार्ग निघण्याची शक्यता अधिक असते.