गिरणगावातील कोपऱ्यावरचे दुकान : वेतन, उधारी आणि संप

प्रास्ताविक

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापन केली. तेव्हापासूनचा गिरणगावाचा इतिहास प्रामुख्याने गिरणीमालक, कामगार संघटना आणि संप या तीन घटकांभोवती लिहिला गेला. परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत चाळीच्या तळमजल्यावर किंवा गल्लीच्या तोंडाशी असलेले वाण्याचे दुकान या इतिहासात पार्श्वभूमीपुरतेच येते. वस्तुतः या दुकानाची उधारी हा गिरण्यांच्या वेतनपद्धतीचाच एक अलिखित भाग होता. ही उधारी होती म्हणून कामगार संप करू शकला आणि ती आटली की संपाचे बळही ओसरले. या दृष्टीने दुकानाच्या भूमिकेचा विचार करणे आवश्यक ठरते.

वेतनातील विलंब आणि उधारी

गिरण्यांत मासिक वेतनाची पद्धत रूढ होती आणि एका महिन्याचे वेतन पुढील महिन्यात मिळत असे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने ही मुदत निश्चित केली. एक हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सातव्या आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसापर्यंत वेतन देणे बंधनकारक झाले. तत्पूर्वी हा विलंब अधिक असे. रत्नागिरी, सातारा किंवा कोल्हापूरकडून आलेला नवा कामगार महिन्याच्या आरंभी कामावर रुजू झाला, तर पहिला पगार हाती येईपर्यंत त्याला एक महिन्याहून अधिक काळ काढावा लागे. या काळात त्याचे पोट दुकानाच्या खातेवहीवर चाले. म्हणजेच मालकाकडे थकलेल्या वेतनाचा भार प्रत्यक्षात वाणी उचलत होता.

एका खोलीच्या बिऱ्हाडात धान्य साठवण्यास जागा नसे आणि एकरकमी खरेदीस पैसा नसे. त्यामुळे रोजच्या रोज थोडे तांदूळ, तेल, मीठ आणि रॉकेल देणारे दुकान हीच अनेक कुटुंबांची कोठी होती. एकट्या राहणाऱ्या कामगारांचे जेवण खानावळीत होई. खानावळ चालवणारी बाईही शिधा उधारीवरच भरत असे. वाणी स्वतः दाणाबंदरातील घाऊक व्यापाऱ्यांचा देणेकरी असे. कामगार, खानावळवाली, वाणी आणि घाऊक व्यापारी अशी ही साखळी पगाराच्या तारखेला बांधलेली होती.

उधारीची दुसरी बाजू

या संबंधाला केवळ माणुसकीचे रूप देणे इतिहासास धरून होणार नाही. उधारीच्या मालाला चढा भाव लागे. वजनमापाबद्दल तक्रारी असत. आणि बाकी असलेल्या गिऱ्हाईकास दुसरे दुकान गाठणे अवघड जाई. भारतातील श्रमिकांविषयीच्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कामगार कर्जबाजारी असल्याचे नमूद केले. या पकडीतून सुटण्याचे प्रयत्न गिरणगावातूनच झाले. १९४८ मध्ये नायगावात ‘अपना बाजार’ ही ग्राहक सहकारी चळवळ उभी राहिली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने खानावळवाल्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. दुकानाच्या उधारीची खरी किंमत काय होती, हे या प्रयत्नांवरून लक्षात येते.

संपकाळातील दुकान

१९२८ च्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने कामाबाहेर होते. एवढा काळ तग धरण्यात गावाकडची शेती, संघटनेची मदत आणि दुकानदाराची उधारी या तिन्हींचा वाटा होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी कामगारांच्या राजकारणाचा अभ्यास गिरणीच्या फाटकापलीकडे, वस्तीपर्यंत नेला. त्यामुळे धान्यव्यापारी, घरमालक आणि सावकार यांचे संबंध अभ्यासाच्या कक्षेत आले. संपाविषयी वाण्याची भूमिका दुहेरी असे. उधारी तोडली तर जुनी बाकी बुडण्याची भीती, चालू ठेवली तर स्वतःचे भांडवल अडकण्याची. शेजारच्या वस्तीचा रोष ओढवून घेणेही त्याला परवडणारे नव्हते.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. पूर्वीच्या संपांत पगार पुन्हा सुरू होईल, या खात्रीवर उधारी टिकत असे. या वेळी ती खात्रीच नाहीशी झाली. वाण्याच्या वहीतील बाकी फिटण्याची शक्यता उरली नाही, अनेक कुटुंबे गावी परतली आणि गिरण्यांबरोबरच त्यांच्यावर विसंबलेली दुकानेही अडचणीत आली.

निष्कर्ष

वाण्याचे दुकान कामगाराचा आधार होते आणि त्याच्यावरील नियंत्रणही होते. या दोन बाजू एकत्र पाहिल्याशिवाय गिरणगावाचे अर्थकारण समजत नाही. परंतु त्याचे मुख्य साधन असलेल्या खातेवह्या खासगी मालकीच्या आहेत. हिशेब मिटला की वही टाकून देण्याची रीत आहे, आणि चाळींच्या पुनर्विकासात उरल्यासुरल्या वह्याही नष्ट होत आहेत. संघटनांची पत्रके आणि सरकारी अहवाल जतन झाले. रोजच्या शिध्याची नोंद मात्र झाली नाही. गिरणगावाच्या परिसरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून जुन्या दुकानदारांच्या मुलाखती व उपलब्ध वह्यांच्या प्रती गोळा केल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही, कारण १९८२ च्या संपात उधारी देणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.