बेदाग पोलाद आणि वेल्डरचा नंबर

स्टेनलेस स्टील म्हणजे शब्दशः बेदाग पोलाद. हे दोन्ही शब्द मूळचे फारसी. या धातूचा इतिहास मात्र युरोपपासून सांगितला जातो. 1912 साली जर्मनीत क्रुप कारखान्याने पेटंटे नोंदवली. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत होता, त्याला न गंजणारे पोलाद गवसले. बाराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागलेला हा माणूस. पुढे अमेरिकेत रसेल मेरेडिथ यांना टंगस्टनची कांडी आणि निष्क्रिय वायू वापरून वेल्डिंग करण्याच्या पद्धतीचे 1942 साली पेटंट मिळाले. आज साइटवर आपण तिला टिग किंवा आर्गन म्हणतो.

शोध लावणाऱ्यांची नावे इतिहासात आहेत. सांधे जोडणाऱ्यांची नाहीत. मी एकोणीस वर्षे आखातात हेच सांधे जोडले, म्हणून ही उणीव मला खटकते.

1973 नंतर तेलाचे भाव भडकले. 1975 साली सौदीने जुबैल आणि यानबू ही औद्योगिक शहरे उभारण्यासाठी रॉयल कमिशन नेमले. रिफायनरी, खत कारखाने, समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प, सगळीकडे पाइप हवे होते आणि ते जोडणारे हातही. कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांतून पूर्वी खलाशी जहाजांवर जात. आता त्याच घरांतून फिटर आणि वेल्डर निघाले.

1983 च्या कायद्यानंतर दहावी न झालेल्या मजुराला आखातात जाण्याआधी सरकारी मंजुरी लागू लागली. कागदावर तो कमी शिकलेला. पण साइटवर त्याची परीक्षा ‘सिक्स जी’ असे. 45 अंशांत तिरका बांधलेला पाइप, तो फिरवायचा नाही, आपणच भोवती फिरून सांधा पुरा करायचा. मग एक्स-रे. फिल्मवर दोष दिसला की नापास.

स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो क्रोमियमचा, डोळ्यांना न दिसणारा थर. सांध्याची कड 425 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिली, तर क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि पुढे नेमका तिथेच गंज धरतो. म्हणून 0.03 टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेला ‘316 एल’ वापरायचा, करंट आवरून धरायचा, पाइपची तोंडे बंद करून आत आर्गन भरायचा. आतून सांधा फिक्या सोनेरी रंगाचा निघाला तर जीव भांड्यात पडे. काळा पडला तर कापा.

हे ज्ञान फुकट मिळाले नाही. आर्गनला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत साठतो आणि आत उतरलेल्याचा श्वास कोंडतो. स्टेनलेसच्या धुरात घातक क्रोमियम असते. वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली दिला. तोवर आमची एक पिढी तो धूर छातीत घेऊन गावी परतली होती.

आखाताने कोकणाला काय दिले, असे विचारले की बंगले, मशिदी आणि मनिऑर्डरी मोजल्या जातात. कौशल्य कोणी मोजत नाही. प्रत्येक सांध्याशेजारी वेल्डरचा नंबर लिहिलेला असतो आणि तो कंपनीच्या नोंदीतही असतो. नंबरामागचा माणूस मात्र आपल्याच घरात बसलेला आहे. त्याचे टेस्ट सर्टिफिकेट, जुना पासपोर्ट रद्दीत घालू नका. त्याला बोलते करा आणि तो सांगतो ते लिहून ठेवा.