चुन्याची पुडी : एका डोळ्याचे चोवीस तास

विद्यानगर, हैदराबाद. मे महिन्याची सुटी. हे घर आणि हा मुलगा कल्पनेतले आहेत. अशा घटना मात्र खऱ्या आहेत. आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चुन्याने भाजलेले मुलांचे डोळे वारंवार पाहावे लागतात. याच शहरातल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनीही त्याबद्दल लिहिलं आहे.

दुपारी 3.00
आजोबांनी तळहातावर तंबाखू मळली, नखभर चुना लावला आणि प्लास्टिकची पुडी खिडकीत ठेवून दिली. पुडीच्या तोंडाशी चुना वाळून खडा झाला आहे.

4.10
पाच वर्षांच्या नातवाच्या हाती पुडी लागते. मऊ आहे, दाबायला गंमत वाटते. चेहऱ्यासमोर धरून तो दोन्ही अंगठ्यांनी दाबतो. तोंडाशी खडा अडलेला, आत दाब वाढत जातो, आणि पुडी फुटते. ओला चुना थेट उजव्या डोळ्यात.

4.11
मुलगा किंचाळतो. पापण्या इतक्या घट्ट मिटल्यात की आईला त्या उघडता येत नाहीत. अश्रूंचा सामू 7.4 च्या आसपास असतो, चुन्याच्या निवळीचा 12.4. सामूची प्रत्येक पायरी दहापट असते, म्हणजे हा फरक लाखपट झाला. डोळ्यात आम्ल गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थर पुढची वाट थोडीफार अडवतो. चुन्यासारख्या अल्कलीचं तसं नाही. पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा ती अक्षरशः साबण करते आणि आत शिरत राहते. अ‍ॅसिडची बाटली आपण कुलपात ठेवतो आणि चुना मात्र मुलांच्या हाताला लागेल असा ठेवतो. माझ्या मते खरा घात इथेच आहे.

4.15
आई पदराने डोळा पुसते. कण निघत नाहीत, उलट पापणीच्या आत सरकतात. शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, तूप घाल थोडं, थंड वाटेल." कुणी चुन्यावर उतारा म्हणून लिंबू सुचवतं. जळलेल्या डोळ्यात आम्ल घालणं म्हणजे दुसरी इजा करणं.

मोरीतला नळ चार पावलांवर आहे. मुलाला आडवं करायचं, बोटांनी पापण्या उघड्या धरायच्या आणि निदान अर्धा तास पाण्याची धार सोडायची. तो रडेल, हातपाय झाडेल, तरी थांबायचं नाही. डोळा वाचवण्याची सर्वांत मोठी संधी हीच आहे, आणि ती दवाखान्यात नाही, घरात आहे.

4.50
न धुतलेला डोळा घेऊन ऑटो निघते. हुसेनसागरच्या पलीकडच्या नेत्र रुग्णालयात पोचायचं आहे, रस्ता गर्दीचा आहे. पापणीखाली अडकलेला प्रत्येक कण अजून अल्कली सोडतोच आहे.

5.40
डॉक्टर डोळ्याला लिटमसची पट्टी लावतात. ती निळी होते, म्हणजे अल्कली अजून आहे. सलाइनची धार सुरू होते. पापणी उलटी करून कापसाच्या काडीने कण काढले जातात. थोडं थांबून पुन्हा पट्टी, पुन्हा धार.

रात्री 9.00
डोळा लाल नाही, चांगला पांढरा दिसतो आहे. आजोबांना हायसं वाटतं. डॉक्टर मात्र गंभीर आहेत. लाली असती तर रक्त पोचतंय हे कळलं असतं. पांढरा डोळा म्हणजे बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्या जळून बंद पडल्या. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सतत नवा करणाऱ्या मूळपेशी नेमक्या त्याच कडेला असतात.

दुसऱ्या दिवशी 4.10
पारदर्शक पडदा दुधी काचेसारखा झाला आहे. बॅटरीचा उजेड कळतो, आईचा चेहरा दिसत नाही.

पुढच्या आठवड्यांत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण बुबुळावर चढू लागतं. कधी पापणीच बुबुळाला चिकटते. 2012 मध्ये एल. व्ही. प्रसाद संस्थेतल्या डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी एक शस्त्रक्रिया मांडली. निरोगी डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि ते भाजलेल्या डोळ्यावर रुजवायचे. त्यामुळे अनेकांना पुन्हा दिसू लागलं. पण ती एका डोळ्याच्या इजेसाठी आहे. दोन्ही डोळे भाजले तर तुकडा घ्यायला स्वतःचा निरोगी डोळाच उरत नाही.

घरात कुणी तंबाखू किंवा पान खात असेल तर आज चुन्याची पुडी फेकून द्या. चुना घट्ट झाकणाच्या डबीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. आणि कधी डोळ्यात गेलाच, तर ऑटो बोलवण्याआधी नळ सोडा.