भरतीचा क्लास लावताय? पैसे भरण्याआधी एवढं तपासा

बारावी झाली की पोलीस भरती, एमपीएससीसाठी अकॅडमीची शोधाशोध सुरू होते. फीसाठी कुणी सोयाबीनचे पैसे मोडतं, तर कुणी उसनवारी करतं. म्हणून आधी चौकशी करा.

शिकवणार कोण? बोर्डावरचे सर रोज वर्गावर येतात का, हे सध्याच्या मुलांना विचारा. दोन-चार दिवस बसून बघू द्या म्हणावं.

तुमची कच्ची बाजू कोणती? पोलीस शिपाई भरतीत मैदानी ५० आणि लेखी १०० गुणांची असते. नुसतं पळवणारी अकॅडमी पुरत नाही.

हमी देतात का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांनुसार क्लासवाल्यांना जाहिरातीत निवडीची खोटी हमी देता येत नाही. फ्लेक्सवरच्या मुलांनी तिथं नेमका कोणता कोर्स केला, तेही विचारा.

क्लास सोडला तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्या. पावती जपून ठेवा. फसवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

सारथी, बार्टी, महाज्योती या संस्था पात्र उमेदवारांना मोफत प्रशिक्षण देतात. फी भरण्याआधी त्यांचे अर्ज सुटलेत का, ते बघा.