चेक वटायच्या आधी गाडी गेली: खोट्या गिऱ्हाइकांचा थोडा इतिहास

ऑनलाइन जुनी वस्तू विकताना होणारी फसवणूक हा विषय कुणी संशोधनासाठी सुचवला, की बहुतेक जण थेट 2016 नंतरच्या बातम्या गोळा करायला लागतात. बातम्या भरपूर मिळतात, पण प्रश्न काही मिळत नाही. म्हणून या लेखात तुम्हाला जरा मागे नेतो. मार्गदर्शकांसमोर 'सायबर गुन्हे' असं ढोबळ शीर्षक ठेवण्याआधी हे वाचून पाहा.

इंग्लंडमधला खटला आहे, लुईस विरुद्ध अ‍ॅव्हरे. विकणारा होता ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला राहणारा रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. त्याच्याकडे ऑस्टिन कूपर गाडी होती. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, किंमत 450 पौंड. मे 1969 मध्ये एकाचा फोन आला, संध्याकाळी तो गाडी बघायला आला, चालवून पाहिली, आवडली. मग गप्पा सुरू झाल्या. आपण सिनेमातले आहोत, असं त्याने सांगितलं. नाव रिचर्ड ग्रीन. टीव्हीवरच्या रॉबिन हूडच्या मालिकेतला नट त्या नावाचा होता आणि समोरच्याचा तसाच समज व्हावा अशा बेताने तो बोलत होता.

किंमत ठरली, त्याने चेक लिहिला. आता इथे नीट बघा. विद्यार्थी बावळट नव्हता. चेक वटेपर्यंत गाडी द्यायची त्याची तयारी नव्हती. तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने गाडीत एक-दोन बारीक कामं बाकी असल्याचं कारण काढलं. गिऱ्हाईक म्हणालं, असू देत. शेवटी त्याने ओळखीचा पुरावा मागितला. समोरच्याने पाइनवुड स्टुडिओचा पास काढला. नाव, पत्ता, फोटो, शिक्का, सगळं जागच्या जागी. गाडी गेली, कागदपत्रंही गेली. काही दिवसांनी बँकेकडून कळलं की ते चेकबुक चोरीचं होतं.

तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात उभी होती. तिचा नवा मालक लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये संगीत शिकणारा तरुण होता. त्याने स्वतःच गाडी हवी असल्याची जाहिरात दिली होती आणि ती वाचून आलेल्या भामट्याकडून ती घेतली होती, 200 पौंडांना. चोर गायब. कोर्टात समोरासमोर उभे राहिले दोन विद्यार्थी, दोघंही निर्दोष आणि दोघांच्याही खिशाला खड्डा पडण्याची वेळ आलेली. खालच्या कोर्टाने विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. 1971 मध्ये अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फिरवला. गाडी संगीतवाल्याकडे राहिली.

का? कारण फसवून केलेला करार मुळातूनच रद्द नसतो, तो रद्द करता येण्याजोगा असतो. रद्द करेपर्यंत तो चालू असतो. तेवढ्या अवधीत तोतयाने माल एखाद्या प्रामाणिक माणसाला विकला, तर त्या माणसाची मालकी पक्की होते. आपल्याकडेही हेच आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 19 आणि 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम 29 एकापाठोपाठ एक वाचा, म्हणजे साखळी जुळेल. गावाकडे आपण म्हणतो, 'चोरीचा माल कुठेही सापडला तरी माझाच.' चोरीबाबत ते बहुतांशी खरं आहे. पण तुम्ही स्वतःच्या हाताने, विकायच्या इराद्याने दिलेल्या वस्तूबाबत ते गृहीत धरू नका. विकणाऱ्याला हा फरक सहसा वस्तू गेल्यावरच कळतो.

आता आणखी मागे जाऊ. 1918 मध्ये लंडनच्या एका सराफी दुकानात एक गृहस्थ आला. 2550 पौंडांचे मोती आणि 450 पौंडांची अंगठी निवडली, 3000 चा चेक लिहिला आणि आपण सर जॉर्ज बुलो असल्याचं सांगून भारी वस्तीतला पत्ता दिला. दुकानदाराने नामावलीत पाहिलं, तर त्या नावाचा माणूस खरोखर त्याच पत्त्यावर राहत होता. मग दुकानदारानेच विचारलं, दागिने आत्ताच नेताय का? आणि गिऱ्हाईक म्हणालं, छे, चेक आधी वटू द्या. फक्त अंगठी नेतो, उद्या बायकोचा वाढदिवस आहे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शिकण्यासारखी चाल आहे. सावधगिरीचा सल्ला खुद्द भामटाच देतो. मोठा डाग दुकानात राहतो म्हणून दुकानदार निर्धास्त होतो आणि लहान डाग बाहेर जातो. अंगठी गहाण पडली 350 पौंडांना. फिलिप्स विरुद्ध ब्रूक्स या 1919 च्या निकालात ती गहाण घेणाऱ्याकडेच राहिली. तपासणी झाली होती, हे विसरू नका. नामावली काढून पाहिली होती. पण नामावलीने सांगितलं ते इतकंच, की बुलो नावाचा माणूस आहे. समोर उभा आहे तो बुलोच आहे, हे कुठलीच नामावली सांगत नाही.

हाच फरक 1957 मध्ये बोर्नमथच्या बहिणींच्या गाडीबाबत पुन्हा दिसतो (इन्ग्रॅम विरुद्ध लिटल). चेकचं नाव निघताच त्यांनी व्यवहार मोडला होता. मग त्याने मोठं नाव आणि पत्ता सांगितला, एक बहीण पोस्टात जाऊन टेलिफोन डिरेक्टरी बघून आली, नाव जुळलं आणि 717 पौंडांचा चेक घेतला गेला. इथे मात्र कोर्टाने बहिणींच्या बाजूने कौल दिला. दोन खटल्यांत तथ्यं जवळपास सारखी, निकाल उलटे. कायद्याचे विद्यार्थी यावर पानंच्या पानं भरतात. आपल्या कामाचं आहे ते न्यायमूर्ती डेव्हलिन यांचं विरोधी मत. त्यांचं म्हणणं होतं, दोघं निर्दोष असतील तर सगळा भार एकावरच का? नुकसान वाटून का घेऊ नये? कायदा तसा बदलला नाही, पण प्रश्न अजून जिवंत आहे. शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

(जाता जाता: 'तोतया' हा शब्द आपल्याला भाऊसाहेबांच्या तोतयामुळे ठाऊक आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्याला 1776 मध्ये मृत्युदंड झाला. तिथे पणाला लागलं होतं राज्य, इथे अंगठी. पण दोन्हीकडे भांडवल एकच, दुसऱ्याची पत.)

मोठ्या मालाचे खटले याहूनही जुने आहेत. 1870 च्या दशकात बेलफास्टच्या लिनन कारखानदारांना लंडनच्या वुड स्ट्रीटवरून रुमालांच्या मागणीची पत्रं आली. सही अशी मारलेली, की ब्लेंकार्नच्या जागी त्याच रस्त्यावरच्या ब्लेंकिरॉन या नामांकित पेढीचं नाव वाचलं जावं. माल गेला, पैसे आले नाहीत, आणि त्यातले 250 डझन रुमाल तिसऱ्यालाच विकले गेले. 1878 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने इथे करारच झाला नव्हता असं ठरवलं, कारण पत्रव्यवहारात विकणाऱ्याच्या मनात फक्त ती नामांकित पेढीच होती. म्हणजे समोरासमोर फसलात तर एक नियम, कागदावर फसलात तर दुसरा. 2003 मध्ये शोगन फायनान्सच्या खटल्यात लॉर्ड्सनी हा भेद तीन विरुद्ध दोन मतांनी राखला. व्हिडिओ कॉलवर झालेली विक्री यातल्या कुठल्या खणात बसते, यावर एखादा प्रबंध सहज होईल.

आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल की या सगळ्या गोष्टींत एक फट आहे, वस्तू हातातून सुटण्याचा क्षण आणि पैसा खरोखर हाती येण्याचा क्षण यांच्यामधली. ती बुजवायचे प्रयत्नही जुनेच. 1868 मध्ये लंडनला निघालेल्या एक्स्चेंज अँड मार्ट या जाहिरातपत्राने ठेवीची सोय केली. घेणाऱ्याने पैसे संपादकाकडे ठेवायचे, माल पसंत पडला की ते विकणाऱ्याला मिळायचे. आपल्याकडे 1877 मध्ये टपालखात्याने व्ही.पी. आणली. पोस्टमन पैसे घेतो, मगच पुडकं देतो. मराठी पुस्तकांच्या नि औषधांच्या जुन्या जाहिरातींत 'व्ही.पी.ने पाठवू' हे शब्द तुम्ही वाचलेच असतील. व्ही.पी.ने फट बुजली, पण दुसरी निघाली. गिऱ्हाइकाने व्ही.पी. परत केली की टपालखर्च विकणाऱ्याच्या माथी.

फट रुंदावण्याचं काम कधीकधी चांगला कायदाही करतो. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने बँकांना चेकची रक्कम ठराविक दिवसांत खात्यात उपलब्ध करून देणं भाग पडलं. ग्राहकाची सोय झाली. पण 'उपलब्ध' म्हणजे 'वटलेली' नव्हे. खोटा चेक परत यायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. यावरच जादा रकमेचा डाव उभा राहिला. गिऱ्हाईक किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवतं, वरचे पैसे वाहतूकवाल्याला द्यायला सांगतं आणि चेक नंतर खोटा निघतो. वस्तूही गेली, वर पदरचे पैसेही.

यूपीआय 2016 मध्ये आलं तेव्हा वाटलं असतं की फट संपली, पैसा सेकंदात येतो. मग आपल्याकडचा डाव फटीवर उभाच राहिला नाही. तो दिशेवर उभा राहिला. गिऱ्हाईक 'मी लष्करात आहे, बदली झालीय, सोफा न बघताच घेतो' म्हणतं आणि पैसे 'घेण्यासाठी' क्यूआर कोड पाठवतं. तुम्ही तो स्कॅन करून पिन टाकता आणि पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं एक वाक्य घरातल्या ज्येष्ठांना पाठ करून दिलं तरी पुष्कळ. गणवेश आणि ओळखपत्राचा फोटो हे पाइनवुडच्या पासचंच पुढचं रूप. नवीन इतकंच, की आता भामट्याला वस्तूची गरज उरलेली नाही.

संशोधनाकडे वळू. वरची सगळी माहिती कायदा अहवालांतून मिळते आणि त्या साधनाला मोठी मर्यादा आहे. खटला तेव्हाच उभा राहतो जेव्हा वस्तू कुणा तिसऱ्याकडे सापडते आणि त्याच्यावर दावा लावणं परवडतं. वितळवलेलं सोनं, सुटे करून विकलेले खडे यांचा खटला होत नाही. त्यामुळे अहवालांत गाड्या आणि ओळखू येणाऱ्या अंगठ्याच पुन्हा पुन्हा दिसतात. यावरून 'भामटे गाड्याच पळवत' असा निष्कर्ष काढाल, तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांचीही गंमत अशीच. सायबर फसवणुकीची वर्गवारी तिथे साधनाप्रमाणे आहे, एटीएम, ऑनलाइन बँकिंग, ओटीपी वगैरे. फसलेला माणूस विकत होता की विकत घेत होता, हे त्या रकान्यांतून कळत नाही. ते हवं असेल तर निकालपत्रं आणि स्थानिक वृत्तपत्रं एकेक करून वाचावी लागतील.

आणि हो, तुम्ही स्वतःच लॅपटॉप किंवा आजीची पाटली विकायला काढली असेल, तर इतिहास बाजूला ठेवून हे करा. पैसे आल्याचा मेसेज किंवा त्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पाहू नका, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. सोन्याचा व्यवहार ओळखीच्या सराफाच्या पेढीवर, त्याच्या तराजूवर करा. बँकेच्या शाखेत भेटणं त्याहून बरं. रोखीने घेणार असाल तर लक्षात ठेवा, 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे तुम्हाला. गाडी असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका. फसलातच तर लाजत बसू नका, तासाभरात 1930 वर फोन करा. पैसा पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवला जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

आता डेव्हलिनकडे परत. हल्ली पैसे खरे येतात, खात्यात दिसतात, तुम्ही वस्तू देता आणि काही दिवसांनी तुमचं खातं गोठतं. कारण ते पैसे 'गिऱ्हाइकाने' तिसऱ्याच कुणाला फसवून परस्पर तुमच्या खात्यात वळवलेले असतात. सराफांची खाती अशी गोठल्याच्या बातम्या येतात. 1969 मध्ये फिरत होती ती वस्तू, आता फिरतोय पैसा. आणि त्या संगीतवाल्या विद्यार्थ्याच्या जागी आता विकणारा आहे: त्याने प्रामाणिकपणे घेतलेली गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी निघते. पोलीस खातं गोठवतात ते तपासासाठी. नुकसान अखेर कुणाच्या पदरात पडावं, हा प्रश्न वेगळाच राहतो. म्हणून पैसे पाठवणाऱ्याचं खात्यावर दिसणारं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एकच आहे का, हे वस्तू देण्याआधी बघा. नाव वेगळं असेल, 'भावाच्या खात्यातून पाठवतो' असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. जुळत असेल तर पावती, ओळखपत्राची प्रत आणि सगळं बोलणं जपून ठेवा, खातं सोडवायला हेच कागद लागतात.