दोन औंस माती

ब्रुसेल्सचे रसायनशास्त्रज्ञ फान हेल्मोंट यांनी एका कुंडीत वाळवलेली २०० पौंड माती भरली, तीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती घटली ती अवघी दोन औंस! झाड पाण्यापासूनच घडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा प्रयोग प्रसिद्ध झाला. हवेचा वाटा तर त्यांच्या ध्यानी आला नाहीच, पण त्या दोन औंसांचीही त्यांनी गणना केली नाही. वनस्पतिपोषणाच्या इतिहासाचा मोठा भाग त्या दोन औंसांच्याच शोधात गेला आहे.

१६९९ साली वुडवर्ड यांनी पुदिना पाण्यात वाढवला, तेव्हा पावसाच्या पाण्यापेक्षा माती कालवलेल्या पाण्यात तो अधिक फोफावला. पुढे श्प्रेंगेल व लीबिग यांनी सिद्धांत मांडला की, जे द्रव्य सर्वांत कमी पडते, त्यावरच वाढ अडते. इतर द्रव्यांची विपुलता ती उणीव भरून काढीत नाही. १९३९ साली कॅलिफोर्नियात आर्नन व स्टाउट यांनी टोमॅटोचीच रोपे द्रावणात वाढवून मॉलिब्डेनमसारखे लेशमात्र लागणारे मूलद्रव्यही अपरिहार्य असल्याचे दाखवले.

ही द्रव्ये सेंद्रिय मार्गाने पुरवण्याची पद्धत इंदुरास सिद्ध झाली. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून खत केले आणि १९३१ साली ती रीत ग्रंथरूपाने मांडली.

कुंडीतल्या टोमॅटोस या दोन्ही विद्यांची गरज असते. शेतातील मुळे दूरवर धावतात. कुंडीतील मुळांना ती सोय नाही, आणि प्रत्येक पाण्यासरशी काही क्षार तळाच्या भोकातून वाहून जातात. खालची पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र उणे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम उणे. कडा करपल्या तर पालाश उणे, असा सामान्य संकेत आहे. फळाचे बूड काळे पडणे हे चुन्याच्या उणिवेचे लक्षण खरे. पण पुष्कळदा चुना मातीत असतो, अनियमित पाण्यामुळे तो फळापर्यंत पोहोचत नाही. तेथे खताची आणखी एक ओंजळ व्यर्थ ठरते. पाण्याची नियमितता हाच उपाय होय. सेंद्रिय खत सूक्ष्मजीवांकरवी सावकाश मोकळे होते, म्हणून ते लक्षणे दिसण्यापूर्वीच थोडेथोडे द्यावे लागते. हेल्मोंट यांनी सोडून दिलेला हिशेब कुंडीपुरता माळ्यालाच ठेवावा लागतो.