रानातून शेगडीपर्यंत

कोरिया म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना १९५० ते १९५३ चं युद्ध आठवतं. युद्ध थांबल्यावर तिथल्या युद्धकैद्यांवर देखरेख करायला भारताची जी फौज गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे आपल्या मराठी मुलखातलेच. आज मात्र त्या देशाची ओळख रणांगणावरून नव्हे, तर शेगडीवरून करून घेऊ. तिथला ‘बुल्गोगी’ हा पदार्थ आता जगभर पोचला आहे. ‘बुल’ म्हणजे विस्तव आणि ‘गोगी’ म्हणजे मांस. ज्यांना मांस वर्ज्य असेल त्यांनी हे इतिहास म्हणून वाचावं. कारण माणसाच्या ताटात काय पडावं हे एकटी जीभ ठरवीत नाही. धर्म, राजाज्ञा आणि शेती यांचाही त्यात वाटा असतो.

प्रारंभ रानातला आहे. कोरियाच्या उत्तरेस गोगुर्यो नावाचं बलाढ्य राज्य होतं, इ.स. ६६८ मध्ये ते लयास गेलं. त्याच्या जुन्या राजधानीजवळ, आज चीनमध्ये असलेल्या जिआन गावी, पाचव्या शतकाच्या सुमाराची एक चित्रांकित कबर आहे. तिच्या भिंतीवर घोडेस्वार धनुष्य ताणून हरणांच्या आणि वाघांच्या मागे लागलेले दिसतात. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ईशान्येकडच्या ‘मेक’ लोकांच्या भाजलेल्या मांसाचा उल्लेख येतो. आजच्या बुल्गोगीचं मूळ त्यातच आहे, असं कोरियातले पुष्कळ लोक मानतात.

पुढे बौद्ध धर्म आला. इ.स. ५२९ मध्ये सिल्ला राज्यात जीवहत्येला बंदी झाली. ५९९ मध्ये बेक्जे राज्याच्या राजानं तर पाळलेले शिकारी ससाणे सोडून द्यायला लावले आणि शिकारीची साधनं जाळवली! शतकांमागून शतकं गेली. ११२३ मध्ये चीनचा शू जिंग हा अधिकारी दूतमंडळाबरोबर तिथे गेला; इथल्या लोकांना जनावर कापण्याची कला नीट येत नाही, असं त्यानं नोंदवून ठेवलं. मग १२३१ पासून मंगोलांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या सहवासात मांसाहार पुन्हा वाढला.

शेतकरी बांधवांनी पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. १३९२ मध्ये जोसन घराणं गादीवर आलं. राज्य शेतीवर उभं. नांगराला बैल हवा. म्हणून सरकारनं गुरं मारायला वेळोवेळी बंदी घातली. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, याचा अर्थ ती मोडलीही जात होती, हे ओघानं आलंच. तरी साध्या घरात गोमांस दुर्मीळच राही. रानातला तितर जातीचा फेझंट पक्षी, हरिण, रानडुक्कर यांना मोल होतं.

याची साक्ष एका गृहिणीनं ठेवली आहे. १६७० च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग या वृद्ध बाईंनी, दृष्टी मंदावलेली असताना, पाककृतींचं पुस्तक स्वतःच्या हातानं कोरियन लिपीत लिहिलं. त्यात फेझंट आहे, रानडुक्कर आहे, अस्वलाचा पंजासुद्धा आहे. मिरची मात्र नाही! शेवटी त्यांनी लेकींना बजावलं आहे की, नक्कल करून न्या, पण पुस्तक घराबाहेर नेऊ नका. म्हणूनच ते आजवर टिकलं.

१८४९ मधल्या सणावारांच्या एका ग्रंथात, सोलमधले लोक थंडीत शेगडीभोवती बसून तेल, सोयाचा रस, कांदा, लसूण लावलेलं गोमांस भाजून खातात, असं वर्णन आहे. म्हणजे रीत निखाऱ्यांचीच राहिली, मांस बदललं. ‘फेझंट नसेल तर कोंबडी’ अशी कोरियन म्हणच आहे.

जिथे परवान्यानं शिकार करता येते, अशा देशांत आज काही जण हीच रीत हरणाच्या मांसाला लावतात. ते योग्यच आहे. रानटी जनावराच्या अंगी चरबी कमी, त्यामुळे मांस कोरडं आणि चिवट होतं. त्यावर उपाय असा: मांस अर्धवट गोठवून धाग्याच्या आडवे पातळ काप करायचे. अर्धा किलोला चार मोठे चमचे सोयाचा रस, दोन चमचे साखर, एक चमचा तिळाचं तेल, लसूण आणि किसलेलं अर्धं नासपती लावून तासभर ठेवायचं. नासपतीच्या रसानं मांस मऊ पडतं, तेलानं चरबीची उणीव भरून निघते. मग रसरशीत निखाऱ्यावर झटपट भाजून, भाताबरोबर कोवळ्या पानात गुंडाळून खायचं. रानडुकराच्या मांसात मात्र सूक्ष्म कृमी असू शकतात, आणि नुसत्या गोठवण्यानं ते मरतीलच असं नाही. ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस तापलंच पाहिजे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातल्या जनावरांची शिकार बंद केली आहे, तेव्हा हा प्रयोग इथे कोंबडीवर करावा. कोरियन म्हणीप्रमाणेच म्हणा ना!

शिक्षकांना एक विनंती. मुलांना घरी आजीला विचारायला सांगा: तुमच्या लहानपणी ताटात काय असे, आणि ते का बदललं? पाऊस, बाजार, कायदा, रीतिरिवाज, जे उत्तर येईल ते वहीत उतरवून घ्या. जांगबाईंनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.